शुक्रवारची वाक्यं

४ जुलै

बाई, नमस्कार.

तुम्ही मला ओळखणार नाही. पालकसभेला नेहमी माझी बायको यायची. मी एकदाच आलो होतो आणि मागे उभा राहून अर्ध्यातूनच निघून गेलो होतो. मी चष्म्याच्या काचा घासतो. आधी दुकानात बसायचो, आता सात-आठ वर्षं घरातच पुढच्या खोलीत यंत्र मांडलंय. माझी मुलगी तुमच्या इंग्रजी साहित्याच्या वर्गात होती. डावखुरी, किडकिडीत, कपाळावर लहानपणी पडल्याची खूण. घरी तिला मुंगी म्हणायचो, कारण सतत काहीतरी इकडून तिकडे वाहून न्यायची. पावणेदोन वर्षांपूर्वी मेंदूज्वराने नऊ दिवसांत गेली. शाळेकडून पत्र आलं होतं, त्यावर तुमचीही सही होती.

आज लिहायचं कारण तुमचं पुस्तक. वरच्या वर्गांतल्या साहित्याच्या मुलांसाठी चारशे कठीण इंग्रजी शब्द. शाळेने पालकांना एकेक प्रत पाठवली, त्यात आम्हालाही आली. आमचं नाव यादीतून काढायचं कोणाच्या लक्षात आलं नसावं. बायकोने ती न उघडता कपाटावर टाकली. मी काढली. आतलं इंग्रजी माझ्या आवाक्यातलं नाही, मला इंग्रजी येतं ते डोळ्यांच्या नंबरांपुरतं. पण सुरुवातीला पालकांसाठी दोन पानं मराठीत आहेत, ती तीनदा वाचली.

तुम्ही लिहिलंय की दर शुक्रवारी प्रत्येक मूल वर्गात चाललेल्या पुस्तकातला एक अवघड शब्द उचलतं आणि कार्डावर त्याचं स्वतःचं वाक्य करतं. वाक्य खरं पाहिजे, स्वतःच्या घरातलं किंवा गल्लीतलं. शब्दकोशातलं चालणार नाही. कार्डावर नाव घालायचं नाही. तुम्ही वाक्यं वहीत उतरवून घेता आणि कार्डं मुलांच्या समोर फाडता, म्हणजे ती मनात येईल ते लिहितात. पुस्तकातली चारशे वाक्यं त्यातूनच निवडलेली आहेत. आणि शेवटी तुम्ही म्हटलंय, ‘नाव नसलं तरी कुठलं वाक्य कोणाचं, हे मी आजही डोळे मिटून सांगू शकते.’

म्हणून विचारतो. यातली माझ्या मुलीची कुठली?

उगाच विचारत नाही. पुढेही साहित्यच घेणार असं तिने सांगितलं, त्या रविवारी आमचं वाजलं. मी म्हणालो, लोकांच्या गोष्टी वाचून कोणाचं भलं झालंय? ती म्हणाली, तुम्हीही लोकांच्याच काचा घासता. मी जेवणावरून उठलो. त्यानंतर सहा महिने एका छपराखाली राहून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. निरोप असला तर बायकोमार्फत. दवाखान्यात नेलं तेव्हा तिला शुद्ध नव्हती. त्या सहा महिन्यांत घराबद्दल, माझ्याबद्दल, तिने कुठे काही म्हटलं असेल तर ते तुमच्याकडे. दुसरीकडे कुठेच नाही. मी तिचं कपाट, दप्तर, सगळं उलथंपालथं करून बसलोय.

बायको म्हणते, बाईंना कशाला छळता. तिला न सांगता लिहितोय.

आपला,
मुंगीचा बाप


१५ जुलै

नमस्कार,

तुमचं पत्र शिक्षकांच्या खोलीत उघडलं आणि दोन ओळी वाचून बंद केलं. तिथे सगळ्यांना सगळ्यांची पत्रं वाचायची फार हौस. घरी येऊन दार लावून वाचलं.

मी तेव्हा तुमच्या घरी यायला हवं होतं. सही करून मोकळी झाले. त्याबद्दल आधी माफी मागते.

तुमची मुलगी मला आठवते. भिंतीकडच्या रांगेत बसायची, मोठ्याने वाचायला सांगितलं की आधी एकदा खाकरायची, आणि मग असं वाचायची की मागची टवाळ मंडळीसुद्धा गप्प व्हायची. वाक्यांचं म्हणाल तर तीही आठवतात. पाच सांगते, पान काढून बघा.

पान १७, एक्झ्युबरंट, म्हणजे उत्साहाने ओसंडणारा. मराठीत सांगायचं तर तिने लिहिलंय: ‘माझे बाबा घरात शिरतात ते गाणं म्हणतच, आणि जिन्यात झोपलेली मांजरं उठून बसतात.’ पान ५२, मॅग्नॅनिमस, मोठ्या मनाचा: ‘मी बाबांचा आवडता कप फोडला, तर ते म्हणाले, बरं झालं, मला त्याचा कंटाळाच आला होता.’ पान ८८, इनडिफॅटिगेबल, न थकणारा: ‘दिवसभर उभ्याने काम करूनही बाबा संध्याकाळी माझ्याशी बॅडमिंटन खेळतात आणि मुद्दाम हरतात.’ पान १०३ आणि १४० वरची दोन अशीच आहेत, ती तुम्ही स्वतः लावून बघा. शब्दकोश जवळ असू द्या.

राग तिच्या मनात राहिला नव्हता, एवढं मी तुम्हाला खात्रीने सांगते. मुलं चार भिंतींत फुरंगटून बसतात आणि वर्गात येऊन आईबापांचे गोडवे गातात. इतकी वर्षं हेच बघतेय. स्वतःला त्रास करून घेऊ नका.

आपली,
इंग्रजीच्या बाई


२ ऑगस्ट

बाई, नमस्कार.

शब्दकोश आणला. अक्षर इतकं बारीक की भिंगाशिवाय वाचता येत नाही, पण भिंगांना माझ्याकडे काय तोटा. पाचही वाक्यं शब्द न शब्द लावून वाचली. १०३ वर बाबा तिला सायकल शिकवतात. १४० वर बाबा तिच्या मैत्रिणींसाठी नकला करतात.

बाई, आम्ही तळमजल्यावर राहतो. जिना नाही. मांजर बायकोला चालत नाही. मी गात नाही. लहानपणी गायलो असेन तर आठवत नाही. कामाला बसताना चहा घ्यायचा माझा कप पंधरा वर्षं एकच आहे आणि तो फुटलेला नाही. मी दिवसभर बसून काम करतो, उभ्याने नाही, आणि बॅडमिंटन मला येत नाही. सायकल तिला तिच्या मामाने शिकवली. नकलांबद्दल तर बोलायलाच नको.

आधी वाटलं, तुमची काहीतरी गफलत झाली. पण तुम्ही तर डोळे मिटून सांगता. मग यंत्र बंद करून बराच वेळ बसलो आणि उलगडा झाला. वाक्य खरं पाहिजे, हा तुमचा नियम. माझी मुलगी नियम मोडणाऱ्यातली नव्हती, रस्ता ओलांडतानासुद्धा दिव्याची वाट बघत एकटी उभी राहायची. तिने हा एकच नियम मोडला, तोही पाच वेळा, कारण खरं लिहिण्यासारखा बाप तिच्याकडे नव्हता. वर्गासमोर काढायला तिने दुसरा एक बनवला.

तुमच्यावर राग नाही. उलट आभार मानतो. तिला कसा माणूस हवा होता त्याची यादीच माझ्या हाती आली. ती पाच वाक्यं मराठीत कागदावर उतरवून यंत्रासमोरच्या भिंतीवर चिकटवली आहेत. परवा घरात शिरताना गाऊन बघितलं. जुनं काहीतरी, दोनच ओळी येत होत्या. बायको कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, तुम्हाला बरं नाही का?

उशीर झाला आहे हे मला कळतं. तरी करून बघतोय.

आपला,
मुंगीचा बाप


३० ऑगस्ट

बाई, तुमचं उत्तर आलं नाही. तब्येत बरी आहे ना?

मी बॅडमिंटनच्या दोन रॅकेट आणल्या. दुकानदाराने विचारलं, मुलांसाठी का? मी हो म्हणालो. शेजारच्या गॅरेजवाल्याशी खेळतो, तोही माझ्यासारखाच जाडा आहे. मुद्दाम हरायचं तर आधी जिंकता यायला हवं, ते अजून जमत नाही.

एकच विचारायचं होतं. ती ही वाक्यं लिहायची तेव्हा तिचा चेहरा कसा असायचा? तेवढं सांगितलंत तर बरं होईल.

मुंगीचा बाप


११ सप्टेंबर

नमस्कार,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन फार सुंदर झाली होती, म्हणून फाडली.

मी तुमच्याशी खोटं बोलले. ती पाच वाक्यं तुमच्या मुलीची नाहीत.

तुमचं पहिलं पत्र आलं त्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलं आणि चारशे वाक्यांत तिला शोधत बसले. सापडली नाही. तिचा आवाज आठवतो, तिचं ते खाकरणं आठवतं, पण तिचं एकही वाक्य मला आठवत नाही. दरवर्षी चार तुकड्या माझ्या हाताखालून जातात. डोळे मिटून सांगते म्हणाले, ते छापायला द्यायच्या आदल्या दिवशी एका झटक्यात लिहिलेलं होतं. वाचायला छान वाटलं म्हणून राहू दिलं. मुलांच्या मागे मी वर्षभर टुमणं लावते, खरं वाक्य लिहा, खरं वाक्य लिहा. त्या पुस्तकात एकच खोटं वाक्य आहे आणि ते माझं.

ते कबूल करायची लाज वाटली. आणि वाटलं, बापाला काय हवं असणार, बापाचं कौतुक. म्हणून शोधून शोधून बापांचं कौतुक असलेली पाच काढली. माझ्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत, वर्षावार, शुक्रवारच्या तारखांसकट. खरं शोधायचं असतं तर चढून काढल्या असत्या. तेवढीही तसदी घेतली नाही. काल काढल्या. पाचांपैकी चार वाक्यं तुमची मुलगी आमच्या शाळेत यायच्याही आधीची आहेत. पाचवं, नकलांचं, तिच्या वर्गातल्या एका मुलाचं. त्याने तास संपल्यावर येऊन ‘ते माझं’ म्हणून सांगितलं होतं, ते काल वही बघून आठवलं.

दुसरं पत्र वाचलं तेव्हाच तुम्हाला कळवायला हवं होतं. रोज उद्यावर ढकललं. मग रॅकेटचं पत्र आलं आणि मला दोन दिवस वर्गात उभं राहवेना.

तिने दुसरा बाप बनवला नव्हता. तो मी बनवला. कृपा करून तो कागद भिंतीवरून काढा.

तिचा चेहरा कसा असायचा, तेही मला सांगता येणार नाही. मुलं कार्डं लिहीत असताना मी वह्या तपासत असायचे, मान खाली घालून.

इंग्रजीच्या बाई


२० सप्टेंबर

बाई,

कागद काढला. गोंद निघत नाही.

बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला माझ्या गाण्याची सवय व्हायला लागली होती, दोन दिवस गायलो नाही तर विचारत होती.

मला मुलीच्या दोन्ही वर्षांच्या वह्या हव्यात. पूर्ण. निवडून नकोत. तुम्ही माझ्यासाठी काहीही निवडू नका.

—


२७ सप्टेंबर

नमस्कार,

दोन वह्या पाठवत आहे. पहिली तिच्या पहिल्या वर्षाची, दुसरी ती गेली त्या महिन्यापर्यंतची. त्यापुढची पानं कापून माझ्याकडे ठेवली आहेत, ती तुमच्या कामाची नाहीत. सगळी मिळून बाराशेच्या आसपास वाक्यं असतील. छापलेल्या पुस्तकात यातली जेमतेम साठ आली.

अक्षर सगळं माझं आहे, तेव्हा अक्षरावरून काही कळणार नाही. काही वाक्यांशेजारी लाल शाईने लिहिलेलं दिसेल. ती पुस्तकासाठी विचारात घेऊन मी वगळलेली. का वगळली तेही तिथेच आहे. वाचून मला काय नावं ठेवायची ती ठेवा.

कुठे शब्द अडला तर विचारा. अर्थ सांगेन. अर्थाव्यतिरिक्त काही सांगणार नाही.

बाई


१८ डिसेंबर

बाई, नमस्कार.

आठ शब्द अडले आहेत, वेगळ्या कागदावर लिहिलेत. शब्दकोशात अर्थ आहेत, पण एका अर्थापुढे दुसरा तितकाच अवघड शब्द. म्हणजे चुकलेल्या माणसाने चुकलेल्यालाच वाट विचारायची.

पद्धत सांगतो. रोज कामाला बसण्याआधी सहा वाक्यं. एकेक वाक्य लावायचं, मग बघायचं, हे आमच्या घरातलं असू शकतं का. भाऊ आला, की बाद. जिना आला, की बाद. कुत्रा, गच्ची, आजी, मोटार, बाद. काचेचंही असंच असतं, चांगली कुठली ते आधी कळत नाही, खराब बाजूला काढत जायचं. पहिली वही संपली. बाद न झालेली बावीस आहेत. त्यांतली माझ्या घरची किती, देव जाणे.

एक सांगू का? मला आता पस्तीस घरं माहीत झाली आहेत. एकाचे आजोबा दातांची कवळी रेडिओवर काढून ठेवतात आणि बातम्या ऐकतात. एकीची आई रोज कामावरून येते आणि चप्पल न काढता दहा मिनिटं तशीच बसते. एका मुलाने लिहिलंय की वडील गेल्यापासून घरातला वरचा बल्ब कोणी बदललेला नाही, कारण हात फक्त त्यांचाच पोचायचा. त्यापुढचा शब्द मला लावता आला नाही, तो यादीत पहिला आहे. त्या दिवशी सहा पूर्ण केली नाहीत.

ही मुलं असं लिहितात आणि आम्ही समजतो अभ्यास चाललाय.

बायकोला कळलं. वही उघडी राहिली होती. चिडेल वाटलं होतं, चिडली नाही. म्हणाली, दिव्याखाली वाचा, डोळ्यांची कामं करून स्वतःचे घालवाल.

मुंगीचा बाप


२९ डिसेंबर

नमस्कार,

आठही शब्दांचे अर्थ मागच्या पानावर साध्या मराठीत लिहिले आहेत. पहिला, बल्बवाला, इरेपरेबल. जे पुन्हा पहिल्यासारखं करता येत नाही ते.

तो मुलगा कोण, ते मला अजूनही माहीत नाही. त्या शुक्रवारी मी ते वाक्य वहीत उतरवलं आणि खाली ‘वापर योग्य’ म्हणून लिहिलं. तुमचं पत्र वाचून तेवढंच पुन्हा बघितलं, माझ्या आठवणीत. एका मुलाचा बाप गेलाय आणि मी म्हणतेय, वापर योग्य.

मी मुलांचे शब्द वाढवत राहिले. काय सांगतायत ते ऐकायचं राहून गेलं. पुढच्या आवृत्तीतून प्रस्तावनेतली ती ओळ काढायला सांगितली आहे.

एकदा तुमच्या घरी येऊ का? यायचं धाडस होत नाही, म्हणून विचारते.

बाई


६ मे

बाई, नमस्कार.

सापडलं.

दुसरी वही, मधल्या पानांपैकी एक, वरून चौथं. शब्द मेटिक्युलस. अर्थ तुम्हाला माहीतच आहे, मी आपला बघून ठेवला: बारीकसारीक गोष्टीतही कसूर न करणारा. वाक्य मी मराठीत असं लावलं आहे:

‘माझे वडील मेटिक्युलस आहेत. अनोळखी माणसाच्या चष्म्याची काच ते उजेडात अकरा वेळा फिरवून बघतात. माझ्याकडे त्यांनी एकोणीस दिवसांत एकदाही बघितलेलं नाही.’

शेजारी तुमची लाल शाई: ‘शब्द अचूक वापरला आहे. पुस्तकात नको. पालक दुखावतील.’

पालक दुखावला, बाई. तेवढं तुमचं बरोबर होतं. पण छापलं असतंत तर मला पहिल्याच दिवशी सापडलं असतं, आणि मला गावंही लागलं नसतं.

तिचंच आहे हे कशावरून, असं तुम्ही विचारणार नाही, पण मला सांगायचं आहे. आमचं वाजलं तो रविवार मला पाठ आहे. तिथपासून त्या पानावरच्या शुक्रवारपर्यंत बोटांवर मोजलं. एकोणीस. मग पुन्हा कॅलेंडरवर मोजलं. एकोणीस. आणि काच मी किती वेळा फिरवतो ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं करतोय, कधी मोजलं नाही. हात आपोआप थांबतो तेव्हा थांबतो. दुसऱ्या दिवशी कामाला बसलो आणि मोजलं. पहिल्या काचेला अकरा. दुसरी जाड होती, तिलाही अकरा. संध्याकाळपर्यंत सगळ्या मोजल्या. एकदाच बारा झाले, ते मी मोजतोय म्हणून.

तुम्ही मला सांगितलं होतंत, राग तिच्या मनात राहिला नव्हता. राहिला होता. चांगला होता. मी ते वाक्य वाचून रडलो, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. तुमच्या त्या पाच वाक्यांतल्या बापापुढे, तो तिने बनवलेला नाही हे कळल्यावरही, मी नऊ महिने स्वतःला ठेंगणा समजत होतो. हा मात्र मीच आहे. ती माझ्यावर रागावली होती, दुसऱ्या कोणावर नाही.

त्यानंतरच्या पानांत आमच्या घरातली वाटणारी आणखी तीन आहेत. एक ठिबकणाऱ्या नळाचं, एक तिच्या आईच्या हातांचं, एक समोरच्या भिंतीवर दुपारी पडणाऱ्या उन्हाचं. त्यांत मी नाही. शेवटपर्यंत सगळी वाचली, मी पुन्हा कुठे आलो नाही.

आता जे सांगायचं ते राहिलंच आहे. मी बसतो ती खुर्ची खिडकीकडे तोंड करून आहे, उजेडासाठी. दार माझ्या पाठीला. अकरा मोजायला माणसाला तिथे उभं राहावं लागतं, एका काचेपुरतं नाही, चार-पाच काचा होईपर्यंत. मी बायकोला वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणालो, म्हणजे ती एकदा दारात येऊन उभी राहिली होती.

बायको म्हणाली, ‘एकदा कशाला? रोज उभी राहायची. शाळेला निघताना, दप्तर पाठीला लावून. पाच-पाच मिनिटं.’

मी म्हणालो, तू मला कधी बोलली नाहीस.

ती म्हणाली, ‘मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. माहीत असूनच वळत नाही.’

बाई, अडीच वर्षं ती हे धरून माझ्या शेजारी झोपली, मला जेवायला वाढलं, मी गायला लागलो तर ऐकलं. मी तिला सांगितलं, यंत्राच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही, मला खरंच माहीत नव्हतं. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. विश्वास ठेवला की नाही ते मला कळलं नाही. मग म्हणाली, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं.

वह्या परत पाठवत नाही, मागू नका. घरी यायचं विचारलं होतंत. या. दोघंही असतो. मी कामात असलो तर दारात थांबू नका, सरळ आत या आणि खांद्याला हात लावा.

मुंगीचा बाप